कॅनव्हासवरचं सारवण

बायकोचं अन् माझं खरं भांडण एकच, कॅनव्हासचं. काम तसं साधं. मांजरपाट चौकटीवर ताणून खिळे मारायचे, सरस लावायचा, तो वाळला की खडूची भुकटी कालवलेल्या पांढऱ्या रंगाचे तीन थर द्यायचे. मी सांगून सांगून थकलो, थर ब्रशनं दे, आधी उभा, मग आडवा. पण ही साखरा गावची, मातीच्या घरात वाढलेली. ब्रश ठेवायची बाजूला अन् पंजानं सारवायची, अंगणात शेण फिरवावं तसं, अर्धगोल, अर्धगोल. माझं डोकंच फिरायचं.

"अगं, भुई हाय का ती?"

"काहून वरडून राहिले? घासणारच हाव न तुमी!"

घासायचोच. पॉलिशपेपर घेऊन तणतणत बसायचो अन् तिची सगळी वळणं सपाट करायचो. त्याशिवाय चेहऱ्याचा रंग नीट बसत नाही. हिंगोलीतल्या आमच्या पत्र्याच्या स्टुडिओत वर्षानुवर्षं हेच चाललं. लोक आपल्या गेलेल्या आईबापाचे फोटो घेऊन यायचे, मी त्यावरून चित्रं करायचो.

गेल्या साली तिला दुखण्यानं धरलं. नांदेडच्या डॉक्टरनं मला बाहेर नेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं असणार. एका सकाळी म्हणाली, "माझं एक चित्र काढा न. समोर बसवून काढा, फोटोवरून न्हाई. अन् कॅनव्हास मी करते."

"तू पडून राहा. मी करतो."

"व्हय, लई आलं तुमाला!" म्हणाली अन् हसली. किती दिवसांनी हसली बाई.

दोन थर बरे झाले. तिसऱ्याला हात कापायला लागला. मी उठलो तर डोळे वटारले, म्हणून गप बसलो. वर मलाच बजावलं, पुरता वाळू द्या, घाई केली तर रंग तडकतो. मी थांबलो. कॅनव्हास वाळायच्या आत ती गेली.

तेरवी उरकली तशा सासूबाई स्टुडिओत आल्या. चित्राचं हिनंच त्यांना फोनवर सांगितलं होतं. "जावाईबापू, आता फोटोवरून काढा, पर काढा. लेकरू डोळ्याला दिसंल तरी."

नाही कसं म्हणावं? अन् तिचं चित्र तिनं केलेल्या कॅनव्हासवरच व्हायचं होतं. मी पॉलिशपेपर काढला, कॅनव्हास दाराच्या उजेडाला धरला. वरची वळणं भरदार होती. खाली खाली तुटक होत गेलेली. शेवटच्या कोपऱ्यात नुसती बोटं ओढलेली.

सासूबाईंनी त्यावर पंजा ठेवला अन् वळणावरून हळूहळू फिरवत खाली आणला. कोपऱ्याशी थांबल्या. "इथं लई थकली व्हती माझी पोरगी," म्हणाल्या. मग माझ्या हातातल्या कागदाकडं बघितलं. "हे समदं घासावं लागंल?"

"घासल्याबिगर चेहरा उतरत न्हाई, मामी."

त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. "मग नगं."

मला रडू आवरलं नाही. त्यांनाही नाही. संध्याकाळच्या बसनं त्या साखऱ्याला परत गेल्या.

गावातल्या निम्म्या घरांत मी काढलेली माणसं भिंतीवर आहेत. माझ्या बायकोचं एकही चित्र नाही. आता होणारही नाही.