दूध सोडलेला पैलवान

मखमलाबादच्या सावळीरामचं अंग दुधावर पोसलेलं होतं. सकाळी मळ्यातला झेंडू खुडून पंचवटीतल्या बाजारात पोचवायचा, दिवसभर भाजीच्या वाफ्यांत राबायचं आणि संध्याकाळी पुंजाराम वस्तादांच्या तालमीत लाल मातीत घुमायचं, असा त्याचा दिवस. तालमीतून आला की आई तांब्याभर धारोष्ण दूध पुढं करायची. आसपासच्या जत्रांत त्यानं नावाजलेले गडी चीत केले होते.

चौऱ्याण्णव साली त्याची म्हैस व्याली आणि आठवड्याच्या आत पारडू मेलं. म्हैस पान्हा सोडेना. शेजारच्या चिमाजीनं, पूर्वापार करत आले तसं, पारडाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं उभं केलं. तिनं ते हुंगलं, चाटलं आणि पान्हा सोडला. सावळीराम धार काढायला बसला होता. सहज त्यानं मान वर केली, तर ती त्या पेंढ्याच्या पाठीवरून जीभ फिरवत होती, फिरवतच होती. त्याचे हात थांबले. चरवी तशीच ठेवून तो उठला, ते कातडं उचललं आणि बांधाकडेला खड्डा करून पुरलं.

त्यानंतर दूध त्याच्या घशाखाली उतरेना. दही, तूप नको झालं. पुढं अंडी आणि मटणही सुटलं. म्हैस मात्र त्यानं विकली नाही. ती गोठ्यात राहिली, तिचं शेण झेंडूला गेलं.

आईनं डोळ्यांना पदर लावला. वस्ताद भडकले.

"दुधाबिगर पैलवान? सावळ्या, लंगोट खुंटीला टांग आन् घरी बस!"

वस्तादांचं म्हणणं खरं ठरणार असं दिसायला लागलं. दिवाळीपर्यंत त्याची गालफडं बसली. बैठका मारताना धाप लागायची. तालमीतल्या एका हलक्या गड्यानं त्याला सहज आस्मान दाखवलं. त्या दिवशी तो घरी आला आणि भाकरी-ठेचा खायला बसला. त्याची बायको मालनबाई समोर बसून बघत होती.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "काय सोडलं ते तुम्ही पक्कं ध्यानात ठेवलं. पण त्याच्या जागी काय खायचं, ते कोण बघनार?"

"भाकर खातोय ना."

"भाकर आन् ठेच्यावर कुस्ती व्हती का? तुमच्या मनात हाय ते ऱ्हाऊ द्या. पोटाचं माझ्याकडं सोपवा."

द्राक्षबागांच्या कामाला दर हिवाळ्यात पेठकडच्या डोंगरातून बायामाणसं यायची. त्यांतली नवसाबाई मालनबाईच्या ओळखीची. पन्नाशीची, किरकोळ अंगाची, पण भरलेली पाटी एका हिसक्यात डोक्यावर घ्यायची. मालनबाईनं तिला घरी बोलावून विचारलं, "मावशी, तुम्ही खाता तरी काय?"

"नागलीची भाकर आन् उडदाचं भुजं, घट्ट वरनच म्हना," नवसाबाई हसली. "आमच्या घरात दूध नाय पीत कोनी. वासराचं दूध वासराला."

हे ऐकून सावळीराम ओट्यावरून उठून आत आला. आपण काहीतरी जगावेगळं करतोय असं त्याला इतके दिवस वाटत होतं. इथं एक अख्खं घर दुधावाचून जगत होतं.

पुढच्या खेपेला नवसाबाईनं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, गाठोडं आणलं. मालनबाईनं कंबर कसली. सकाळी भिजवलेले हरभरे आणि मूठभर शेंगदाणे, दुपारी नागलीची भाकरी, उडदाचं घट्ट वरण नाहीतर मोड आलेले हुलगे, सोबत शेवग्याच्या पाल्याची भाजी. तालमीतून आल्यावर तीळ-गुळाचा लाडू, तोही लिंबाएवढा नाही, चांगला मुठीएवढा. पोट भरलं म्हणाला, तरी ती आणखी अर्धी भाकरी वाढायची. उन्हाळ्यापर्यंत त्याच्या मांड्या पुन्हा भरल्या.

चैत्रातल्या जत्रेत, त्यानं ज्याला आदल्या वर्षी हरवलं होतं, त्याच गड्याशी जोड लागली. कुस्ती लांबली. दोघंही मातीनं लडबडले, कुणी कुणाला हटेना, शेवटी पंचांनी ती बरोबरीत सोडवली. सावळीरामला धाप लागली नव्हती. वस्तादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"मालनला सांग, वस्ताद हारला म्हनून."

पुढची काही वर्षं झकास गेली. मग दोन हजार एक साली त्याच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. बांधावरून चालताना तोल जायचा. जीभ लाल होऊन झोंबायची. आई म्हणाली, "आता तरी घोटभर दूध घे रे बाबा." तो मनातून घाबरला होता. मालनबाई त्याला नाशकात एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

आता बोलणी बसणार म्हणून तो मान खाली घालून बसला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं, रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "जेवण छान आहे तुमचं. पण बी-ट्वेल्व्ह नावाचं एक जीवनसत्त्व यातून मिळत नाही. आधी इंजेक्शनं, मग कायम गोळी. त्यात हयगय चालणार नाही. वर्षातून एकदा रक्त तपासायचं."

"म्हंजे दूध प्यावं लागनार नाय?"

"गोळी घेतलीत तर नाही. पण आणखी उशीर केला असता तर पाय कायमचे अधू झाले असते. यांनी वेळेवर आणलं तुम्हाला."

सावळीरामनं बायकोकडे पाहिलं. ती पिशवी आवरत होती.

मुंग्या जायला काही महिने लागले, पण गेल्या. वस्ताद थकल्यावर तालीम सावळीरामकडे आली. चाळिशीतही तो पोरांबरोबर जोर काढायचा. कुणाला दूध सोड असं त्यानं कधी सांगितलं नाही. कुणी आपणहून विचारलंच, तर म्हणायचा, "आधी आमच्या मालनकडं जा. मी नुसतं मनात आनलं. निभावलं तिनं, त्या मावशीनं आन् डॉक्टरीणबाईंनी."

नागली लागायची तेव्हा पुढं तो स्वतःच पेठला जायचा. जाताना नवसाबाईच्या घरासाठी ताज्या भाजीची पाटी न्यायचा. ती अंगणात दिसली की हा धिप्पाड गडी वाकून तिच्या पाया पडायचा, आणि दरवेळी ती लाजून पाय मागं घ्यायची.