काल रेडिओ कोणी ऐकला?

चार भिलाईवाले चहाला जमले की हटकून म्हणतात, "वहिनी, तुमचे ते टीव्ही-रेडिओवाले किस्से सांगा ना!" आता मी काही ते जमवले नाहीत हो. दर हप्त्याला लोकांच्या घरी जायचं म्हटलं की साडीला कुसळं चिकटावी तसे किस्से चिकटतातच!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचे हे भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्लार्क, मी घरी रिकामी. एका सर्व्हे कंपनीचं काम मिळालं. निवडक घरांत तक्ता द्यायचा, त्यात घरच्यांची नावं. रोज कोणी काय पाहिलं, काय ऐकलं, त्याची टिक करायची. हप्त्यानं तक्ता गोळा करायचा. किती सोपं, असं मला वाटलं होतं!

*

सेक्टरमधल्या ढोमणेकाकूंच्या घरी माणसं चार. पण तक्त्याच्या समासात नावांची ही रांग!

"काकू, हे कोण?"

"शेजारचे. रोज येतेत टीव्ही पाहाले."

"पण फक्त घरच्यांची लिहायची ना!"

काकू भडकल्या. "माह्या घरी चहा पिऊन गेले, ते परके कावून?"

मी नावं वाचत गेले. शेवटचं नाव माझंच!

*

कॅम्प-१चे मेश्रामभाऊ रविवारी नाइट शिफ्ट करून यायचे आणि टीव्हीसमोरच आडवे व्हायचे. पोरं म्हणाली, "बाबा झोपले होते, टिक नको."

भाऊ उठून बसले. "टीव्ही बंद केला का मले लगेच जाग येते. मंग कोन पाहून राहिलं होतं?"

आतून वहिनी ओरडल्या, "घोरण्याचा बी रकाना ठेवा जी!"

*

रुआबांधा वस्तीत एका घरी सगळ्या खुणा बातम्यांपुढं. सिनेमा एकही नाही!

"रविवारी तर तुमचा सिनेमा रस्त्यापर्यंत ऐकू येत होता," मी म्हटलं.

घरमालक हळूच म्हणाले, "बाई, पोरीचं लगन जमून राहिलं हाय. कागद कोणाच्या हाती पडन, सांगता येते का?"

*

आणि खुर्सीपारचे शेंडेबाबा. रिटायर झाले आणि टायफॉइडमध्ये त्यांचे दोन्ही कान गेले. घरी फक्त रेडिओ. तरी त्यांच्या बायको, शांताबाई, संध्याकाळच्या गाण्यांपुढं रोज दोघांचीही टिक करायच्या.

रायपूरहून आमचे सुपरवायझर तपासणीला आले. "ऐकू न येणाऱ्या माणसाची टिक? ही खोटी नोंद आहे. खोडतो मी." त्यांनी पेन उघडलंच.

शांताबाईंचा चेहरा उतरला. "नोका खोडू जी. कान गेले तवापासून ह्यायले घरात कोणी काही इचारतच नाही. ना पोरगा, ना सून. एक तुमचा कागद तेवढा इचारते, काल काय ऐकलं म्हणून."

सुपरवायझरचं पेन थांबलं. मग त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'काल काय ऐकलं?' आणि तो बाबांपुढं धरला.

बाबांनी चष्मा लावला, वाचलं, आणि एकदम ताठ बसले. "गाणे! पयलं काही खास नव्हतं. दुसरं लय चांगलं होतं."

'कसं कळलं?' सुपरवायझरनी खाली लिहिलं.

बाबांनी शांताबाईंकडं बोट दाखवलं. "दुसऱ्याले हिनं तांदूळ निवडणं थांबवलं."

सुपरवायझरनी पेनाला टोपण लावलं.

शांताबाई मात्र लाजून लाल. बाबांवर खेकसल्याच, "रोज असे पाहात बसता का जी माह्याकडं?"

बाबा त्यांच्याकडं बघत मान डोलावून म्हणाले, "हे बी चांगलं होतं!"