बाबांची मर्यादा

तुमची मर्यादा कोणी ठरवली, ठाऊक आहे तुम्हाला?

रागावू नका. आमच्या दिग्रसमध्ये असं विचारणं म्हणजे भांडण उकरून काढणं. कुणी आवाज चढवला की समोरचा म्हणतो, ‘मर्यादेत राहा.’ मी त्या मर्यादेबद्दल विचारत नाही. तुमच्याकडे क्रेडिट कार्ड असेल तर त्यावर किती खर्च करता येईल याचा एक आकडा ठरलेला असतो. त्या आकड्यालाही मराठीत मर्यादाच म्हणतात. पूर्ण शब्द पतमर्यादा. पत आणि मर्यादा, माणसाच्या अब्रूचे दोन शब्द बँकांनी एकाला एक जोडून वापरायला घेतले. आपणही काही न बोलता ते देऊन टाकले.

बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाच्या गिरणीत, फिटर आहेत. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं, ज्यांना आमच्याकडे रेचे म्हणतात, त्यांची देखभाल त्यांच्याकडे. रेच्यांची ओळ सुरू झाली की त्या शेडमध्ये बोलणं म्हणजे नुसते ओठ हलणं. बाबांची सारी जवानी त्या ओळीत गेली आणि कानही तिथेच राहिले. एकदम नाही. आधी घरातल्या फोनची घंटी गेली, मग आईची हाक, मग माझं बोलणं. चहाच्या टपरीवर गिरणीतली माणसं हसली की बाबाही हसायचे, पण एक क्षण उशिरा. सगळ्यांचे चेहरे बघून घेऊन, मग. मी लांबून ते उशिराचं हसू पाहिलं आहे आणि दुसरीकडे बघितलं आहे.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा युनियनचे. गिरणीच्या फाटकावरच्या द्वारसभेत वाटून उरलेला गठ्ठा ते घरी आणायचे. पत्रकं पाठकोरी असत, म्हणून मुळाक्षरं मी त्यांच्या पाठीवर गिरवली आणि कागद उलटून वाचायला शिकले. ‘कामगार बंधू-भगिनींनो’ हे मी वाचलेलं पहिलं वाक्य असावं. तेव्हापासून माझी समजूत अशी की अन्याय झाला की कागद घ्यायचा, वर ज्याच्याविरुद्ध लढायचं त्याचं नाव लिहायचं, खाली मागण्या लिहायच्या, आणि सकाळच्या पाळीच्या आत वाटून टाकायचा. मोठी झाल्यावरही मी तेच केलं. फक्त शब्द लांबले.

तर कार्ड. पगार ज्या बँकेत होतो तिनं एकदा गिरणीच्या फाटकाशी टेबल मांडलं. सही करणाऱ्याला एक बॅग फुकट होती. जिथं उभं राहून बाबांनी भाषणं केली त्याच जागी त्यांनी सही केली. कार्डावर ते विजेचं बिल भरत, मोबाइलचा रिचार्ज करत, आणि मुदतीच्या कितीतरी आधी सगळे पैसे भरून मोकळे होत. उधारी रात्रभर अंगावर ठेवणं त्यांना जमत नाही.

मग एक दिवस मेसेज आला. अभिनंदन, आपल्या उत्तम व्यवहारांमुळे आपली पतमर्यादा वाढविण्यात येत आहे, स्वीकारण्यासाठी येथे दाबा. आकडा जवळजवळ दुप्पट होता. बाबांनी चष्मा लावून तो मेसेज दोनदा वाचला आणि फोन आईपुढे धरला.

“वाच. बँकेनं माही पत वाढवली.”

“फोनात वाढून काय करता,” आई म्हणाली. “किरानावाला तं मलेच ओयखते.”

मी कानाशी जाऊन सांगितलं की ही पत वगैरे काही नाही, कर्जाची हद्द आहे, आणि हे आमिष आहे.

“कोन आशिष?” बाबा म्हणाले.

दुसऱ्यांदा ओरडल्यावर त्यांना समजलं. पण पटलं नाही. “उधार देनारा पत पाहूनच देते नं?” ते म्हणाले. “मंग? त्यानं पाह्यली, मनूनच वाढवली.” आणि त्यांनी मेसेजमधल्या ‘येथे’वर बोट दाबलं. याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते इतकं लांब होतं की ओरडून सांगता येण्यासारखं नव्हतं.

टपरीवर गिरणीतल्या कापसाच्या गठाणी बांधायच्या प्रेसवरचे एक काका बसत. त्यांना कळलंच. “काय फिटरसाहेब, पत वाढली म्हन्तात तुमची. मंग आजचा चहा कोनाच्या नावावर?” बाबांनी चहा पाजला. रोख.

खरी गोष्ट यानंतरची. यवतमाळला कानाच्या मशीन लावून देणाऱ्या एक मॅडम होत्या. बाबांचे कान तपासून त्या म्हणाल्या, दोन्ही कानांना मशीन लागेल, आणि पुरुषांचा आवाज, बायकांचा आवाज, गर्दीतलं बोलणं असं सगळं यायला हवं तर जरा बरी मशीन घ्यावी लागेल. किंमत ऐकून आम्ही उठायलाच लागलो होतो. गिरणी उन्हाळ्यात बंद असते, तेव्हा पगार निम्मा. एकरकमी पैसे आमच्याकडे कधीच नसतात. मॅडम म्हणाल्या, क्रेडिट कार्ड असेल तर बिनव्याजी हप्ते पाडून देता येतील. पण मशीनची पूर्ण किंमत कार्डाच्या मर्यादेत बसली पाहिजे.

जुन्या मर्यादेत ती बसत नव्हती. नव्या मर्यादेत बसत होती.

मला आमिष वाटलेली गोष्ट आता बाबांच्या कानांचा रस्ता होती. मॅडमनी मशीन बाबांच्या कानांत बसवल्या आणि म्हणाल्या, “आठवडाभर वापरून पाहा काका. जमलं तर पुढच्या सोमवारी कार्ड घेऊन या.”

परतीच्या एसटीत दारव्ह्याच्या अलीकडे बाबा अस्वस्थ झाले. खिडकीच्या काचेवर हात ठेवला, मग सीटखाली वाकून पाहिलं.

“किती खडखडते ही गाडी,” ते म्हणाले. “मी तं समजत होतो, नव्या गाड्या आल्या.”

तो आठवडा मी आयुष्यभर विसरणार नाही. बाबांना फ्रिजची गुणगुण ऐकू आली आणि त्यांनी तो बिघडला म्हणून मागचं झाकण काढलं. त्यांना त्यांच्याच चपलांचा आवाज येत होता, म्हणून ते पाय उचलून चालू लागले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी ओला टॉवेल गादीवर टाकला. आई स्वयंपाकघरात नेहमीसारखी पुटपुटली, “बयताड मानूस.” वेडपटाला आमच्याकडे बयताड म्हणतात.

“मी बयताड?” बाहेरून आवाज आला.

आईचा हात कणकेतच राहिला. बाबा दारात येऊन उभे होते. “कधीपासून मनून राह्यली तू हे?”

“लगन झालं तवापासून,” आई म्हणाली. “तुमाले आज आयकू आलं, त्याले मी काय करू?”

बाबा इतके हसले की मलाच भीती वाटली. त्या संध्याकाळी मी मुद्दाम स्टँडजवळच्या टपरीवरून घरी आले. टपरीवर प्रेसवाले काका काहीतरी सांगत होते. शेवटचं वाक्य झालं आणि सगळे हसले. बाबाही हसले. त्यांच्याबरोबर. अगदी त्याच क्षणी.

त्याच आठवड्यात दुसरा मेसेज आला. नियमित आढाव्यानुसार आपली पतमर्यादा सुधारित करण्यात आली आहे, तपशिलासाठी ॲप पाहा. मी त्या दिवशी नेरला युनियनच्या एका शिबिरात होते. बाबांनी मेसेज वाचला. तुम्हीच सांगा, सुधारित म्हणजे काय? सुधारित बियाणं म्हणजे चांगलं बियाणं. पोरगा सुधारला म्हणजे वाईट मार्ग सोडला. बाबांनी आईला सांगितलं, “पाह्य, आता आनखी सुधारली.” टपरीवरही सांगितलं असणार. ॲप त्यांच्या फोनात नव्हतंच.

सोमवारी मॅडमनी कार्ड पैसे घ्यायच्या यंत्राला लावलं. नाही. पुन्हा लावलं. नाही. त्यांनी विचारलं, मर्यादा किती आहे, आणि मी माझ्या फोनवर बाबांचं खातं उघडलं. मर्यादा पहिल्यापेक्षाही कमी होती. विजेचं बिल आणि रिचार्ज यांच्यापुरती. मी तो मेसेज मागून घेतला, वाचला, आणि ‘सुधारित’ या शब्दाशी थांबले. सरकारी भाषेत ‘बदललेला’ म्हणायला हाच शब्द आहे. वाढवताना वाढवली म्हणायचं, कापताना सुधारली म्हणायचं. यात खोटं काहीच नाही. माझ्यासारख्या पत्रकं लिहिणारीलाही त्यात बोट ठेवायला जागा सापडेना.

मॅडम चांगल्या होत्या. कर्ज देणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीला त्यांनी विचारून पाहिलं. तिनंही थोड्या वेळात नाही म्हटलं. कारण तिथंही दिलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, “काका, मला माझ्या कंपनीला मशीनचे पैसे द्यावे लागतात हो.” बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग आधी डावी मशीन काढली, मग उजवी. रुमालानं पुसून डबीत ठेवली. डबीचं झाकण मिटताना टक् असा आवाज झाला. तो मी ऐकला.

गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले. गाडी तशीच खडखडत होती.

घरी येऊन मी बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, कार्डासाठी तमुक दाबा, बरंच संगीत, मग एका मुलीचा मऊ आवाज. मी सगळं सांगितलं.

“मॅडम, मला कार्डधारकाशीच बोलावं लागेल.”

“त्यांना ऐकू येत नाही. त्यासाठीच कार्ड लागतं आहे.”

“मी समजू शकते, मॅडम. कृपया कार्डधारकांना फोन द्या.”

फोन स्पीकरवर टाकला. तिनं जन्मतारीख विचारली. बाबा माझ्याकडे बघू लागले. मी त्यांच्या कानाशी ओरडले, तर ती म्हणाली, “मागून कुणी सांगू नये, सुरक्षेचा नियम आहे.” मग मी कपाटातून पत्रकांचा जुना गठ्ठा ओढला, एक कागद उलटा केला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, जन्मतारीख. बाबांनी वाचलं, सांगितली. आईचं नाव. सांगितलं. ती विचारायची, मी लिहायची, ते बोलायचे. कागद संपला की दुसरा. शेवटी मी लिहिलं, कारण विचारा.

“कारन सांगा बाई,” बाबा द्वारसभेच्या आवाजात म्हणाले. “माही मर्यादा काहून कापली?”

“सर, आपली पतमर्यादा अंतर्गत धोरणानुसार सुधारित करण्यात आली आहे.”

मी लिहिलं, अंतर्गत धोरण. बाबांनी वाचलं.

“कोनाच्या अंतर्गत?”

“सर, याहून अधिक माहिती माझ्या स्क्रीनवर उपलब्ध नाही.”

“मी एक तरी बिल थकवलं का?”

“नाही सर. आपला रेकॉर्ड उत्तम आहे.”

हेही मी लिहिलं. बाबांनी तो कागद हातात घेतला. “उत्तम,” ते वाचत म्हणाले. “मंग?”

मला ती मुलगी डोळ्यांसमोर दिसली. तिच्यासमोर पडदा असेल, त्यावर वाचायची वाक्यं असतील, आणि बाबांच्या ‘मंग’ला त्यात उत्तर नसेल. “याबद्दल क्षमस्व, सर,” ती म्हणाली. “मी आपली आणखी काही सहायता करू शकते का?”

हा प्रश्न मी लिहिला नाही.

दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो. खिडकीतला कारकून भला माणूस होता. तो आवाज उतरवून म्हणाला, “ताई, हे आमच्याकडे नसते. वरून होते. कोनी कार्ड कमी वापरलं तं कापतात, कोनी जास्त वापरलं तरी कापतात. कधी मानसाचं काहीच नसते, धंद्याचं असते. कधी गावाचं असते.”

“आमचं कशामुळे?”

“ते आमाले बी नाही दिसत.” मग त्यानं विचारलं, “तुमी मोठी खरेदी केलीच नव्हती नं कधी?”

“करायला गेलो तेव्हाच कापली.”

त्यानं पुढच्या माणसाचं पासबुक घेतलं.

त्या आठवड्यात मी पत्रक लिहायला बसले. सवयीनं वरचा भाग आधी. कुणाच्या विरोधात? गिरणीच्या मालकाला फाटक होतं, मॅनेजरला खुर्ची होती, खुर्चीसमोर बसून राहता येत होतं. इथे ज्यानं कापलं तो माणूसच नाही, आणि जी माणसं भेटली त्यांपैकी एकानंही कापलं नव्हतं. मुलगी क्षमस्व होती, कारकून भला होता, मॅडम चांगल्या होत्या. मी अनेक कागद खराब केले. वरची ओळ कोरीच राहिली.

मशीनसाठी आम्ही पैसे जमवतो आहोत. गिरणी बंद झाल्यावर ते जमवणं थांबतं आणि सुरू झाल्यावर पुन्हा सुरू होतं. टपरीवर बाबा पुन्हा एक क्षण उशिरा हसतात. प्रेसवाल्या काकांनी पत वाढल्यावरून चेष्टा करणं सोडलं, आणि ते जास्त लागतं. आई आता पुटपुटत नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाली, “त्याईले आयकूच येत नाही, मंग बयताड तरी कायले मनू.”

अधूनमधून, जेवताना किंवा मी फोनवर बोलत असताना, बाबा भुवया उंचावून विचारतात, “काय म्हने बँक?” मी नुसती मान हलवते.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. आजच फोन उघडा आणि बँकेच्या मेसेजमध्ये ‘सुधारित’ हा शब्द शोधा. सापडला, तर आपल्या बँकेला एका ओळीचं पत्र लिहा: माझी मर्यादा कोणी आणि कशामुळे बदलली, ते लेखी कळवा. पोस्टानं पाठवा, पोच घ्या. तुमच्यापैकी एकाला जरी खरं कारण मिळालं, तर ते मला कळवा. मी ते पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहीन आणि बाबांपुढे धरीन.