धाकटीची फुलं

माझं चष्म्याचं दुकान आणि थोरलीचं फुलांचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक लाकडी फळी आहे. तिकडे कात्री जरा जोरात ठेवली तरी इकडे कळतं. त्यामुळे ही हकिगत अर्धी मी माझ्या कानांनी ऐकली. उरलेली पुढे तिनेच सांगितली, चहा पिता पिता, स्वतःच्या चुकांवर जराही पांघरूण न घालता.

थोरली हे काही तिचं नाव नव्हे. घरात ती मोठी सून, म्हणून थोरली. घरातले म्हणतात म्हणून बाजारही म्हणतो. मीही म्हणतो, जरी ती माझ्या पुतणीच्या वयाची आहे. नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करतो. माणूस भला, पण सापडला तर कोणाच्या तरी गच्चीवरच सापडायचा. दुकान सगळं तिच्या अंगावर. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर एक बादली घेऊन ती उभी राहायची तिथून सुरुवात. आता चार पावलं रुंद गाळा, मागे ओल्या पोत्यांत गुंडाळलेल्या दांड्या, वर राहायच्या दोन खोल्या.

हात म्हणजे यंत्र. गिऱ्हाईक बोलत असतानाच गुलाबाचे काटे निघालेले असायचे. कोणाला मूल झालं, कोणी निवृत्त झालं, कोणाचं बायकोशी वाजलं, सगळ्या गावाचं प्रेम तिच्या हातातून जायचं. स्कूटरच्या पुढच्या जागेत बुके उभा ठेवून ती स्वतः पोचवायला जायची. दार उघडल्यावर लोकांचे चेहरे कसे फुलतात ते रोज पाहायची आणि कोरड्या डोळ्यांनी परत यायची.

"तुला कधी वाटत नाही का गं, आपल्यालाही कोणी पाठवावा?" मी एकदा विचारलं.

"काका, हलवायाच्या तोंडाला कधी पेढ्याकडे बघून पाणी सुटतं का?" म्हणाली आणि हसली.

हे हसणं टिकलं ते सासू घरी येईपर्यंत.

सासू म्हणजे मेट्रनबाई. आयुष्यभर हॉस्पिटलात नर्सांवर हुकमत गाजवलेली बाई. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि त्या कायमच्या थोरलीकडे राहायला आल्या. नर्सांची मेट्रन जेव्हा पेशंट होते तेव्हा काय होतं ते मी फळीपलीकडून रोज ऐकलं. "चादरीला सुरकुती आहे." "पाणी कोमट म्हणाले होते, गरम नव्हे." "उशी अशी ठेवतात?" आंघोळ, मालीश, गोळ्या, संडासला धरून नेणं, सगळं थोरलीच करायची. दुकान आणि जिना, जिना आणि दुकान. भांडायचीही. दोघींचा आवाज सारखाच चढायचा. पण रात्री सासूचे केस विंचरल्याशिवाय ती कधी झोपली नाही, हेही खरं.

धाकटी जाऊ दूरच्या शहरात, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. गोड बोलणारी. एक दिवस तिचा फोन आला.

"ताई, मला तिथे येऊन काही करता येत नाही, फार वाईट वाटतं. दर महिन्याला आईंना एक छान बुके पाठवायचा म्हणतेय. तुमच्याच दुकानातून, म्हणजे घरचंच. चिठ्ठीवर लिहाल का? 'आई, तुमची फार आठवण येते. तुमची धाकटी.'"

थोरलीने लिहिलं. स्वतःच्या अक्षरात. मोतिया रंगाचे गुलाब, पांढरी लिली, मध्ये बारीक पांढऱ्या फुलांचा फेस, नीट बांधला, आणि जिना चढून सासूच्या मांडीवर ठेवला.

मेट्रनबाईंनी चिठ्ठी वाचली. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. डोळे भरून आले म्हणे. या बाईंच्या डोळ्यांत ऑपरेशनच्या वेळीही पाणी आलं नव्हतं.

"बघ," त्या थोरलीलाच म्हणाल्या, "एवढ्या लांबून पोरीने फुलं पाठवली."

थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं की लांबून कुठली, या जिन्याखालच्या दुकानातून आलीत, मी आणलीत! पण गिळलं. मग समोरच्या शिक्षिकाबाईंना बोलावणं गेलं. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या डॉक्टरला दाखवणं झालं. धोब्याला दाखवलं. आठवडाभर त्या खोलीत एकच विषय, धाकटीची फुलं. त्या फुलांचं पाणी रोज कोण बदलत होतं? थोरलीच.

दुसऱ्या महिन्यातही तेच. तिसऱ्याला थोरलीला ते सोसेना. तिने मला सांगितलं तेव्हा शब्द लपवले नाहीत. "काका, जळत होते मी. नुसती जळत होते. ती दोन मिनिटं फोनवर बोलते आणि देवी होते. मी दिवसभर हाडं झिजवते आणि माझी उशी वाकडी."

मग तिने एक हलकटपणा केला (हा शब्दही तिचाच). धाकटीच्या बुकेत आदल्या दिवशीचे, पुरते उमललेले गुलाब घातले. दुसऱ्या दिवशी माना टाकणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी टाकल्याही. ती वर गेली, मनातल्या मनात हात चोळत.

मेट्रनबाई सुकलेल्या गुलाबांकडे बघत होत्या. "धाकटी बिचारी विश्वासाने सांगते," त्या म्हणाल्या, "आणि तू तिच्या ऑर्डरीत शिळा माल घालतेस होय गं? जावेचं काम म्हणून?"

म्हणजे चांगला झाला तर श्रेय तिचं, आणि वाईट झाला तर पाप हिचं. थोरलीने दातओठ खात पुढच्या महिन्यात असा बुके बांधला की तसा लग्नाच्या हॉललाही कधी दिला नव्हता. घ्या म्हणावं, बघा कोणाचे हात आहेत ते! मेट्रनबाई हरखून गेल्या.

"धाकटीची आवडच वेगळी हं," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी कात्री इतक्या जोराने आदळली की माझ्या कपाटातली एक फ्रेम खाली पडली.

मग थोरलीने एक साधी गोष्ट करून पाहिली. तिला वाटलं, आपण कधी दिलीच नाहीत फुलं, मग बाईंना कळणार तरी कसं? कुठला वाढदिवस नाही, काही नाही, असाच एक दिवस धरून तिने निशिगंधाची छोटी जुडी केली. सासूला निशिगंधाचा वास आवडतो हे घरात एकट्या तिलाच माहीत होतं. हॉस्पिटलातल्या फिनेलच्या वासावर उतारा म्हणून त्या पूर्वी टेबलावर ठेवायच्या, असं कधीतरी केस विंचरताना बोलून गेल्या होत्या. चिठ्ठी नाही, सजावट नाही. जाऊन हातात दिली.

मेट्रनबाईंनी जुडी नाकाशी नेली आणि विचारलं, "दुकानात उरली होती का?"

थोरलीने जुडी उचलली, खाली आली, बादलीत परत ठेवली. संध्याकाळी एक गिऱ्हाईक ती आपल्या आईसाठी घेऊन गेलं. मी शेजारी होतो. "काय झालं गं?" म्हणून विचारलं तर म्हणाली, "काही नाही, देठ ओले आहेत, हात पुसते," आणि बराच वेळ पदराने हातच पुसत राहिली. हात कोरडे होते.

त्यानंतरच्या महिन्यात तिने धाकटीचा बुके बांधलाच नाही.

मेट्रनबाई तारीख विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. सकाळपासून पांढरी स्वच्छ साडी नेसून, केस चापून बसवून खिडकीशी बसल्या. काचेचं भांडं धुऊन ठेवायला लावलं. दुपार झाली.

"आज काही आलं नाही का गं?"

"नाही."

"धाकटीचा फोन?"

"नाही."

खोटं. फोन आला होता, चिठ्ठीचा मजकूरही आला होता. संध्याकाळी मेट्रनबाईंनी जेवण अर्धं ठेवलं. त्या ओरडल्या नाहीत, चादरीबद्दल काही म्हणाल्या नाहीत. "ती आजारी तर नसेल?" एवढंच दोनदा म्हणाल्या. थोरलीला वाटलं होतं, बरं वाटेल. वाटलं नाही. आणि तरीही, ती म्हणते, आतून एक भाग खूश होताच की, बघ, विसरली ना तुमची लाडकी.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंनी स्वतःच धाकटीला फोन लावला आणि सगळं उघडं पडलं.

शनिवारी धाकटी बॅग घेऊन थेट दुकानातच उतरली. वर गेलीच नाही. मी शटर अर्धं ओढावं की न ओढावं या विचारात तसाच बसून राहिलो.

"ताई, तुम्ही मुद्दाम पाठवला नाहीत?"

"हो. मुद्दाम."

धाकटीला बहुतेक सारवासारवीची अपेक्षा होती. ती गोंधळली. "का पण? मी तुमचं काय वाकडं केलं?"

"काही नाही केलंस! तेच तर! काहीच न करता तू त्या खोलीत राज्य करतेस. मी बांधायचं, मी लिहायचं, मी वर न्यायचं, मी पाणी बदलायचं, आणि माझ्या फुलांना त्या म्हणतात उरली होती का. माझा जीव जळतो तुझ्यावर. झालं समाधान?"

मग धाकटीचा आवाज आला, आणि तो गोड नव्हता.

"आणि माझा जळत नसेल? ताई, मी फोन केला की त्या विचारतात, जेवलीस का, बरी आहेस ना. पाहुणीला विचारतात तसं. आणि मग? मग तुमचं पुराण. थोरली आज अशी भांडली, थोरलीने तेल गरम करून लावलं, थोरलीला कपभर चहा करायला सांगितला तर तोंड केवढं. अर्धा तास! माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या माझ्यावर एकदाही ओरडल्या नाहीत. एकदाही! तुमच्यावर हक्काने ओरडतात. मी कोण आहे त्यांची? म्हणून फुलं. म्हटलं, महिन्यातून एक दिवस तरी त्या खोलीत माझं नाव निघू दे."

थोरलीने कात्री तिच्यापुढे ठेवली. म्हणाली, "कात्री घे. हा महिना राहिलाय. तूच बांध."

धाकटीने बांधला. बँकेतल्या हातांना दांड्या ऐकेनात. जरबेराची मान मोडली, लिली एका बाजूला कलली, रिबनची गाठ बुटाच्या नाडीसारखी. थोरलीने बोट लावलं नाही. दोघी वर गेल्या.

मेट्रनबाईंनी धाकटीच्या गालावरून हात फिरवला, मग बुके हातात घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. त्यांचा आवाज माझ्यापर्यंत स्वच्छ पोचला.

"हे काय गं? हे तू केलंयस? जखमेला पट्टी तरी अशी बांधतात का! सोड ती गाठ. आधी सोड. इतकी मोठी झालीस, बँक सांभाळतेस, आणि चार फुलं उभी राहत नाहीत तुझ्याच्याने?"

धाकटी खाली आली ती जवळजवळ उड्या मारत. "ताई, ओरडल्या! मला ओरडल्या!"

थोरली हसली. पण मला म्हणाली, "काका, खरं सांगू? तेही मला बघवलं नाही. ओरडणं तेवढं माझं होतं."

त्यानंतर महिना-दीड महिना गेला असेल. एका दुपारी लाल स्कूटरवरून एक पोट सुटलेला माणूस आला आणि थोरलीच्याच दुकानासमोर थांबला. पलीकडच्या बाजारातल्या फुलवाल्याचा माणूस. हातात बुके. पानांना चकाकी मारलेली, निळ्या रंगात बुडवलेली शेवंती, आणि सगळ्याला चमचमता कागद.

"इथे थोरली कोण?" त्याने पाटी वाचली, बादल्या पाहिल्या, आणि त्याचाच चेहरा पडला. "पत्ता चुकला वाटतं."

चुकला नव्हता. चिठ्ठीवर मेट्रनबाईंचं टोकदार अक्षर होतं; व्यायामाच्या डॉक्टरच्या हाती त्यांनी ती गुपचूप धाडली होती. "थोरलीस. आई." खाली, "तेल संपलंय."

थोरली बुके घेऊन तशीच वर गेली. "आई, हे काय? त्याच्याकडून? त्याला देठसुद्धा तिरकं कापता येत नाही! मी खाली बसलेली असताना?"

"तुझ्याकडून मागवला असता तर बांधायचा कोणी? तूच. मग तो मी दिला असं कसं झालं असतं?"

थोरली जराशी विरघळली, आणि त्या भरात तिने विचारून घेतलं. "मग दर महिन्याला येतो तो? तोही मीच बांधते. तो कोणाचा?"

"तो धाकटीचा," मेट्रनबाई शांतपणे म्हणाल्या. "ती समोर नाही, तिला आठवण काढावी लागते. तू असतेसच. तुझी कसली आठवण काढायची? जा आता, तेल आण."

रागाने थोरली खाली आली. बुके टेबलावर ठेवला. चमचमता कागद ओरबाडून काढला, देठ पुन्हा कापले, निळी शेवंती तेवढी तशीच ठेवली. दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, हा केवढ्याला? विकायचा नाही म्हणाली.

चार वाजता धाकटीचा फोन आला. थोरलीने काही मुद्दाम सांगितलं नाही असं ती म्हणते, पण बोलता बोलता सांगितलंच. निळ्या शेवंतीसकट सगळं.

धाकटी म्हणाली, "मला नाही कधी पाठवला त्यांनी." आणि तिच्या आवाजात ती बारीकशी कडवट कळ होती, जी थोरलीला चांगलीच ओळखीची होती.

"पाठवतील गं," थोरली म्हणाली.

फोन ठेवून ती माझ्याकडे चहा घेऊन आली. त्या दुपारइतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली आहे.