खसखशीवरचा मोर

तेलात तळून खायच्या सांडग्यांवर एवढी नक्षी कशाला, असं कुणी विचारलं की शैलबाला माइती ठरलेलं उत्तर देई, "लक्ष्मीला आवडतं." साफ खोटं. लक्ष्मीचा यात काडीचा संबंध नव्हता. संबंध होता तो थोरल्या जावेचा, ननीबालाचा.

अठराव्या वर्षी शैलबाला बंगालातल्या महिषादलजवळच्या या घरात मेजो, म्हणजे मधली सून, म्हणून नांदायला आली. पौषातल्या कोवळ्या उन्हात थोरलीने तिच्या हाती फेटलेल्या उडदाच्या डाळीची पुरचुंडी दिली, टोकाला पत्र्याची नळी लावलेली. थाळीभर खसखशीवर नव्या नवरीने ती पिळून काढलेला शंख पाहून थोरली सगळ्यांदेखत म्हणाली, "मेजोचा हात नांगर धरायचा आहे गं!" बायका पोट धरून हसल्या. त्यानंतर बेचाळीस हिवाळे शैलबाला त्या एका वाक्याला उत्तर देत होती.

मधे तळ्यातल्या माशांवरून दोघींचं बोलणं बंद पडलं, त्यालाही आठ वर्षं झाली. पण सांडगे घातले की थोरली पाण्याला जाता जाता थाळीपाशी थांबे, निरखून बघे, नाक मुरडे आणि चालू लागे. की शैलबाला पेटलीच! पुढच्या वर्षीची नक्षी त्याच दिवशी डोक्यात घोळायला लागे.

यंदा तिने मोर काढला होता. चोचीपासून पिसाऱ्यापर्यंत एकच रेघ, कुठे तुटली नाही, कुठे जाड झाली नाही. प्रदर्शनासाठी वस्तू गोळा करत आलेली कोलकात्याची मधुश्री तर हरखूनच गेली.

"काकीमा, हा मला द्या. वाळला की काचेत ठेवू, खाली तुमचं नाव लावू."

"देते गं, पळून का चाललाय तो?" शैलबाला म्हणाली. नजर मात्र शेजारच्या दारावर. थोरली अजून पाण्याला कशी निघाली नाही?

शेवटी सून पुतुल न राहवून म्हणाली, "आई, जेठीमांची वाट बघताय ना? त्या नाही यायच्या. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले त्यांचे. उपचाराला हल्दियाला गेल्या होत्या ना, परवा लेकाने हात धरून आणलं."

शैलबालाला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. आता हा मोर दाखवायचा कुणाला?

तिने थाळी उचलली आणि सरळ शेजारच्या ओसरीवर जाऊन थोरलीच्या मांडीवर ठेवली.

"बडदी, मी मेजो. मोर काढलाय."

"मग मी काय करू? आंधळीला चिडवायला आलीस?"

"बोट द्या इकडे."

"काकीमा, ओला आहे तो! मोडेल!" मागून धावत आलेली मधुश्री ओरडली.

शैलबालाने तिच्याकडे बघितलंही नाही. थोरलीचं बोट धरून तिने चोचीवर टेकवलं आणि सोडून दिलं. बोट मानेवरून हळूहळू उतरत गेलं, पाठीवरून पिसाऱ्यात शिरलं, एकेक वळण घेत फिरलं. मागे सगळी नक्षी सपाट होत गेली. मधुश्रीने कपाळाला हात लावला.

"पिसारा कुणाकडून शिकलीस?" थोरलीने विचारलं.

"तुमच्याकडून नाही."

"ते कळलं," थोरली म्हणाली. "माझा इतका मोकळा कधी आलाच नाही."

शैलबालाचे डोळे घळाघळा वाहायला लागले. आवाज कसाबसा सांभाळत ती म्हणाली, "हात धुवा आता. डाळ लागलीय बोटाला."