कुणाचाही हात न लागता

निवेसला कुणी "तुला जमणार नाही" म्हटलं की ती डोक्यात राख घालून घेते. हे तिचं लहानपणापासूनचं. वडिलांच्या भाजीच्या होडीवर पोरीचं काय काम, असं ऊगोकाका म्हणाला, म्हणून ती होडीवर बसली. वडील गेले, होडी तिच्याकडे आली, आणि तोच काका आता रोज सकाळी कालव्याच्या काठावर उभा राहून तिच्याकडून कोबी निवडून घेतो, तोही कुरकुरत. तिच्या वर्गातल्या पोरी एकेक करून पाणी ओलांडून मेस्त्रेला गेल्या. तिकडे सपाट रस्ते, लिफ्ट, दारात मोटार. निवेस व्हेनिसमध्येच राहिली, कास्तेल्लोच्या त्याच गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर.

मुलगी झाली, अल्बा, आणि सासूबाईंच्या, ब्रूनाबाईंच्या, हाती कोलीतच मिळालं. त्या स्वतः व्हेनिसच्या. पण निवेसचा नवरा तुलियो तान्हा असताना पुलांना कंटाळून मेस्त्रेला गेल्या त्या गेल्याच. आता दर रविवारी यायच्या, दम खात तीन जिने चढायच्या आणि जेवायच्या टेबलाशी बसल्या बसल्या सुरू व्हायच्या.

"आमच्या शेजारचं तळमजल्याचं घर रिकामं झालंय. मालक म्हणतो, सालुतेच्या सणाच्या संध्याकाळपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देतो. तुलियो, तू तरी काही बोल."

तुलियो प्रवासी बोटीवर काम करतो, धक्क्याला दोर टाकायचं. घरात मात्र त्याचा दोर कुठल्याच धक्क्याला लागत नाही. त्याने ताटात पाव फिरवला.

"तो काय बोलणार?" निवेस म्हणाली. "मला सांगा, इथे काय वाईट आहे?"

"बाबागाडी. आणि पायऱ्या-पायऱ्यांचे पूल. आठ महिन्यांचं पोर आहे, ते काय रोज कडेवर नाचवणार आहेस? मी तुझ्यासारखीच होते बाई. बाह्या सरसावून. कंबर गेली माझी."

"माझी जाणार नाही."

"असं? मग सालुतेला चल. इथून देवळापर्यंत आणि परत. होडी नाही, बोट नाही. अल्बा गाडीत, आणि गाडीला दुसऱ्या कुणाचाही हात न लागता. मी येते बरोबर, बघायला. जमलं तर मेस्त्रेचं नाव काढणार नाही."

"आणि नाही जमलं तर येतो आम्ही," निवेस म्हणाली. तुलियोचा पाव हातातच राहिला.

व्हेनिसबाहेरची बाई असती तर ही पैज लावण्याआधी तिने दोनदा विचार केला असता. निवेसने पायऱ्यांचा विचार केला, आपल्या दंडांचा केला, कोबीच्या पोत्यांचा केला. पुलावर गाडीला लागणारे हात तिच्या लक्षातच आले नाहीत. जन्मापासून बघितलेली गोष्ट ती. बाई पुलाशी आली की मागून येणारा पुढचा दांडा धरतो, पलीकडे ठेवतो आणि चालू लागतो. याला मदत म्हणतात, हेच तिला ठाऊक नव्हतं.

सालुतेचा दिवस थंड आणि धुकट उजाडला. रात्रीपासून कास्त्रादीना, म्हणजे खारवलेलं मटण आणि कोबी, मंद आचेवर होतं. निवेसने अल्बाला तीन कपड्यांत गुंडाळलं, गाडीत घातलं आणि ती निघाली. ब्रूनाबाई दोन पावलं मागे, हाताची घडी घालून.

पहिल्याच पुलावर निवेसने रीतसर गाडी उलटी फिरवली, पाठमोरी झाली आणि मागची चाकं पायरीवर ओढली. दुसऱ्या पायरीला गाडी हलकी झाली. समोर ऊगोकाका, तोंडात सिगरेट, हातात दांडा.

"सोडा काका!"

"चढ, चढ. गारठा आहे." पलीकडे गाडी ठेवून काका तंबाखूच्या दुकानात शिरलासुद्धा.

"हा घरचा माणूस," ब्रूनाबाई म्हणाल्या. "एक सोडून दिला."

पुढच्या पुलावर हॉटेलांची चादरी-टॉवेल वाहणाऱ्या हमालाने स्वतःची ढकलगाडी तिथेच टाकली आणि हात लावला. निवेसने त्याचा हात झटकला. तो भांबावला, मग "वेडी आहे" म्हणून हसला. त्यापुढे एक जाडजूड बाई पिशवी काखोटीला मारून धावत आली.

"हात लावू नका, मला एकटीला न्यायचीय!"

"एकटीला?" बाईला ते लागलं. "मग घरात बस की दार लावून."

निवेसचे कान तापले. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्याच गावच्या माणसांचा राग येत होता, आणि त्या रागाची लाजही वाटत होती. मागे ब्रूनाबाई चक्क हसत होत्या.

सान मार्कोचा चौक जवळ आला तशी पर्यटकांची गर्दी लागली. तिथल्या पुलांवर मात्र तिला कुणी हात लावला नाही. लोक बाजूला झाले, रांगेने उभे राहिले, कुणी मोबाइल काढून तिचा आणि अल्बाचा फोटो घेतला. ते पूल ती एकटीने चढली आणि एकटीने उतरली. दंड भरून आले, पाठीला घाम फुटला.

"जमतंय की," ब्रूनाबाईंनी कबूल केलं. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

निवेसला आनंद व्हायला हवा होता. पण फोटो काढणाऱ्या त्या गर्दीतून गाडी ओढताना आपण परगावी आहोत असं तिला वाटलं, आणि ते अजिबात आवडलं नाही.

मग मोठ्या कालव्यावरचा नवसाचा लाकडी पूल आला. वर्षातून एकदाच बांधतात तो. शेकडो वर्षांपूर्वी प्लेगची साथ हटली तेव्हाचा नवस गाव अजून फेडतंय, आणि त्या दिवशी त्या पुलावर सगळं आपलंच माणूस असतं. निवेसने गाडी फिरवायच्या आधीच चार हात आले. एक हातमोजा घातलेला, एक मेणबत्ती धरलेला. "सोडा" म्हणायला तिने तोंड उघडलं. अल्बा हवेत उचलली गेली तशी खिदळली, आणि निवेसने तोंड मिटलं. गाडी डोक्यांवरून गेल्यासारखी पलीकडे गेली. तिने फक्त मागचा दांडा धरला होता, तोही नावाला.

देवळात तिने मेणबत्ती सेवेकऱ्याच्या हाती दिली, त्याने ती पेटवून दाटीत खोचली.

"आई, मी हरले," बाहेर फुगेवाल्यापाशी आल्यावर ती म्हणाली.

"दिसलं मला."

"परत जाताना कुणाला अडवणार नाही मी."

"नको अडवू. आता काय राहिलंय."

परतताना तिने कुणाला अडवलं नाही. जो आला त्याने दांडा धरला, पलीकडे ठेवला, गेला. घराजवळच्या शेवटच्या पुलावर अंधारून आलं होतं आणि चिटपाखरू नव्हतं. निवेस पाठमोरी झाली, मागची चाकं पायरीला लावली. गाडी हलकी झाली. पुढचा दांडा ब्रूनाबाईंच्या हातात होता. त्यांच्याही ते लक्षात आलं नव्हतं, पुलाच्या माथ्यावर आलं. मग त्यांनी दांडा सोडला नाही. कंबर धरून त्या तशाच खाली उतरल्या.

कास्त्रादीना ताटात वाढलं तोच फोन वाजला. तुलियो धक्क्यावरून बोलत होता, मागे इंजिनाची घरघर.

"मालकाचा दोनदा फोन आला. काय सांगू? कोण जिंकलं?"

निवेसने सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी ताटातून वर न बघताच मान आडवी हलवली.

"आई जिंकल्या," निवेस म्हणाली. "घर नको म्हणून कळव."