जिताड्याच्या तळ्यात जहाजाचं तेल

पेण आणि रोहा एका मुक्कामात होतं का, असं विचारणाऱ्यांना मी 'होतं' एवढंच कळवतो. आज सगळंच लिहून टाकतो. गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे, तेव्हा तिकिटाचे भाव विचारू नका. रस्ता मात्र तोच आहे, आणि काही खड्डेही बहुधा तेच असावेत.

तेव्हा मी एका परदेशी क्रूझ जहाजावर इंजिनरूममध्ये ऑइलर होतो. वर झुंबरं, नाचगाणी, पांढऱ्या कपड्यातले प्रवासी. खाली आम्ही आणि आमचं काळं तेल. पेट्रोल, रॉकेल, डिझेल सगळं काढून घेतल्यावर जो तळ उरतो ना, त्यावर ती जहाजं चालायची. गार असलं की डांबर. तापवल्याशिवाय पाइपातून सरकायचं नाही. ते गाळून जो चिखल उरायचा तो तर त्याहून घाण. धुराड्याची काजळी वरच्या डेकवरच्या खुर्च्यांवर पडली, तर प्रवासी उठायच्या आत ती पुसायला माणसं ठेवलेली असत. समुद्रावर पडायची ती पुसायला कुणी नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आमचं जहाज मुंबईला लागलं. तेलाचा चिखल उतरवून घ्यायला आलेल्या बार्जवाल्याकडून मी दोन पिंपं मागून घेतली आणि टेम्पोत घालून ताईकडे पाठवली. ताई दिलेली पेणच्या पलीकडे, खारेपाटात. भरतीचं खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून तिथे मातीचे बांध, आणि बांधात पाणी आतबाहेर करणारी लाकडी दारं. त्यांना उघाडी म्हणतात. उघाडीच्या फळ्या कीड पोखरते. लोक दरवर्षी काजूच्या टरफलाचं तेल लावतात. मला वाटलं, फुकटचं आहे, घट्ट आहे, बसेल चांगलं. काय अक्कल माझी!

दिवाळीनंतर सुट्टीवर आलो तर घरी भावोजींचं पत्र पडलेलं. 'तळ्यातले जिताडे मरतायत. पाण्यावर तेल दिसतंय. तुम्हाला त्यातलं कळतं, बघून जा.' दुसऱ्याच दिवशी एसटी धरली.

पेणला उतरलात तर पोह्याचे पापड आणि मिरगुंडं आधीच घेऊन ठेवा. परतताना गाडी चुकते. स्टँडबाहेरून सहाआसनी रिक्षा मिळते, माणसं भरली की सुटते. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं भात होतं आणि वाऱ्याला खाडीचा वास. मला एरवी तो फार आवडतो.

भावोजी मला थेट बांधालगतच्या तळ्यावर घेऊन गेले. ताईचं तळं म्हणजे काय, ते त्या भागातल्या माणसालाच कळेल. जिताडा हा खाडीतला मासा, त्याची बोटभर पिल्लं पावसाळ्यात खाडीतून हाताने धरून आणायची, तीन-तीन वर्षं वाढवायची. मोठा जिताडा विकत नाहीत सहसा. व्याही आला, मोठा पाहुणा आला, तरच काढतात. ताईच्या तळ्यात तेव्हा थोरल्या मुलीच्या लग्नासाठी राखलेले होते. पाण्यावर सप्तरंगी साय आली होती.

"बाहेरच्या जहाजानं सोडलं असंल," भावोजी म्हणाले. "समुद्रातनं येतंय, काय करनार आपन?"

"पिंपांतलं सगळं फळ्यांना लावलं?"

"नाय हो. दीड पिंप उरलं व्हतं. वाया कशाला घालवायचं? बांधात खेकड्यांची बिळं झालेली, त्यात तापवून वतलं. एक खेकडा नाय फिरकला परत!" आणि ते कौतुकाने हसले.

खेकड्यांनी बांध पोखरू नये म्हणून भल्या माणसाने सगळा बांधच तेलाने भरला होता. आता प्रत्येक भरती त्यातलं थोडं थोडं तळ्यात आणून सोडत होती.

दुपारी ताईने वाचलेल्यांतला एक जिताडा केला. मी मोठा पाहुणा ना! पहिल्या घासालाच इंजिनरूम जिभेवर आली.

"रॉकेलाचा वास येतो नाय जरा?" भावोजी म्हणाले.

"छे, झकास झालंय," म्हणालो, आणि काटेसुद्धा चोखले. ताई वाढत होती, माझ्याकडे बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत तळ्याचं पाणी भरून रोह्याला निघालो. वडखळ नाक्यावर गाडी थांबते. वडे गरम असतील तरच घ्या. गडब, नागोठणे, मग भिसे खिंड. खिंडीचं वळण फार सुंदर आहे म्हणतात. मी बाटलीकडेच बघत बसलो होतो.

रोह्यात सॅमसनकाका राहायचे. बेने इस्रायली म्हातारे, एका कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले आणि मुलांकडे इस्रायलला जायच्या तयारीत. माझ्या वडिलांचे जुने मित्र. घरात अर्ध्या पेट्या बांधून झाल्या होत्या. त्यांनी बाटली हलवली, हुंगली, खिडकीशी धरली.

"आमचे आजोबा तेल गाळायचे, घाण्यावर," ते म्हणाले. "तेल दिव्याला, पेंड गुरांना. मागे काही राहायचं नाही. तुमचं हे तेल म्हणजे नुसतं मागे राहिलेलंच आहे, बाबा."

"काढता येईल का?"

"वरची साय काढशील. मातीत गेलंय ते कसं काढणार? बांध खणून काढला तर खारं पाणी शेतात. ठेवला तर तळं गेलं."

"किती वर्षं?"

"मला विचारू नकोस. मी असणार नाही इथे." बाटलीचं बूच घट्ट लावून त्यांनी ती माझ्या हातात दिली.

संध्याकाळी परत आलो. ताई ओट्यावर तांदूळ निवडत होती. म्हटलं, आता सांगायचंच.

"ताई, ते समुद्रातनं नाही आलं. मी पाठवलेल्या पिंपांतलं आहे. माझ्यामुळे झालं."

तिने सूप खाली ठेवलं नाही. "म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"पैल्या दिसापासून. दर सुट्टीला तुझे कपडे कोन धुतं रं? तोच वास." मग हळू आवाजात, "ह्यांना नको सांगू. गाव ह्यांना बोलंल, हे मला बोलतील. समुद्रातनं आलं म्हनतायत ना, म्हनू दे."

मी रडलो. ती तांदूळ निवडत राहिली.

तिसऱ्या दिवशी घरी परतलो आणि महिन्याभराने पुन्हा त्याच जहाजावर, त्याच तेलात. दुसरं येत काय होतं मला? भाचीच्या लग्नात व्याह्यांना बाजारातला हलवा मासा वाढला. तळ्यात पुन्हा पिल्लं सोडली नाहीत.

जायचं असेल तर जा. भात कापणीला आल्यावर तिकडचा रंग बघण्यासारखा असतो, आणि पेणला राहायला लॉज आहेत. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. कपड्यांना घरच्या साबणाचा वास, बॅगही नवी. तरी ताईच्या दारात गेलो की ती हसून "ये रं" म्हणते, माझ्या हातातली बॅग घेते आणि बाहेरच्या खुंटीला अडकवते.